शिवसागराच्या काठी तंबू: कामांचा क्रम, नेमक्या चुका आणि चिखलातली पावलं

कोयना धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे शिवसागराच्या काठी, बामणोली, शेंबडी किंवा तापोळ्याच्या बाजूला मुक्कामाला जाणाऱ्यांचा बेत सामान कमी पडल्यामुळे क्वचितच फसतो. तो फसतो क्रम चुकल्यामुळे. मंडळी साताऱ्यात जेवून दुपारी तीनला निघतात, कासला फोटोत तासभर घालवतात आणि अंधार पडता पडता काठावर उतरतात. मग मोबाइलच्या उजेडात, जिथं गाडी थांबली तिथंच, पाण्याला चिकटून तंबू उभा राहतो. पहाटे अंथरूण दवानं भिजलेलं असतं, तंबूखालचे दगड पाठीला टोचत असतात आणि काठावरच्या चिखलात एकाची चप्पल गेलेली असते. खाली दिलेला क्रम पाळला तर यातलं बहुतेक टळतं. हा लेख साध्या तंबूत, स्वतःच्या सामानानिशी राहणाऱ्यांसाठी आहे. तयार कॅम्पवर जाणाऱ्यांनी टप्पा २, ८ आणि ९ वाचले तरी पुरे.

टप्पा १: रान कुणाचं, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, कारण हे काम घरी बसून करायचं असतं आणि कुणालाच करावंसं वाटत नाही.

शिवसागराचा पश्चिमेकडचा काठ कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथं रात्री राहता येत नाही. वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं तर सकाळी वनखात्याची परवानगी काढून होडीनं जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तू तिथं मोजून घेतात, तेव्हा त्या आधीच कमी करा. मुक्काम करायचा तो पूर्वेकडच्या, गावांच्या काठावर.

गावाच्या काठावरही तीन प्रकारची जमीन असते: कुणाच्या तरी मालकीचं रान, धरणाच्या संपादनात गेलेली जमीन आणि वनखात्याची जमीन. कागदावरची हद्द जागेवर दिसत नाही. म्हणून आठवडाभर आधी गावातल्या माणसाशी बोला. होडीवाले, खानावळवाले, पोलीस पाटील, कुणीही चालेल. मालकीचं रान मिळवा, पैसे आधी ठरवा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा. गाडी कुठपर्यंत येते? शौचालय वापरायला मिळेल का? रात्री गरज पडली तर हाक कुणाला मारायची? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक नाव आणि एक घर मिळालं पाहिजे.

कास पठारावर तंबू टाकायचा विचारही करू नका. पठार संरक्षित आहे आणि कास तलावाचं पाणी सातारकर पितात. सांगलीकरांना दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. चांदोलीचा वसंत सागर राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे तिथल्या काठावर मनानं मुक्काम नाही. आणि ‘घराजवळ’ म्हणून भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णाकाठी तंबू टाकू नका. त्या पट्ट्यात मगरी आहेत आणि त्या रात्री काठावर येतात.

टप्पा २: महिना आणि पाण्याची पातळी

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. ऑक्टोबरात परतीचा पाऊस संध्याकाळी अचानक येतो आणि गवत ओलं असतं. मार्चपासून वणव्याचा धोका वाढतो. एप्रिल-मेमध्ये वळीव विजा घेऊन येतो, आणि उघड्या काठावर धातूच्या काड्यांचा तंबू ही त्या वेळची सगळ्यात वाईट जागा. जून ते सप्टेंबर घरी राहा.

महिन्याइतकीच महत्त्वाची पाण्याची पातळी. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). रोजचा साठा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येतो, तो निघायच्या आदल्या दिवशी बघा. धरण काठोकाठ असेल तर पाणी थेट गवताला आणि झाडांना भिडलेलं असतं. चिखल नसतो, पण सपाट जागाही कमी असते. साठा उतरत गेला की पाणी आणि गवत यांच्यामध्ये उघड्या गाळाचा पट्टा तयार होतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो आणि आत मऊ असतो. पहिल्यांदा जाणारा माणूस याच पट्ट्याला ‘छान सपाट बीच’ समजतो आणि तिथंच तंबू ठोकायला घेतो.

सावधान: त्या पट्ट्यावर गाडी अजिबात उतरवू नका. वरचा थर चालणाऱ्या माणसाला धरतो, चाकाला धरत नाही. अडकलेली गाडी काढायला गावातून ट्रॅक्टर आणावा लागतो आणि तो रात्री मिळत नाही.

टप्पा ३: सामान, घरीच तपासून

तंबू दोन थरांचा हवा: आतला जाळीचा, बाहेरचा पाणी अडवणारा. एकेरी कापडाच्या तंबूत बाहेरून दव आणि आतून श्वासाची वाफ, दोन्ही कापडावर जमून टपकतात. तंबूवर लिहिलेल्या संख्येतून एक वजा करा. चार माणसांच्या तंबूत तिघं नीट झोपतात.

सोबत मिळणाऱ्या तारेच्या खुंट्या आपल्या मुरमाड जमिनीत पहिल्या घावाला वाकतात. वेल्डरकडून ८ मिमी सळईचे २५ सेंटिमीटर लांबीचे बारा खुंटे कापून घ्या. एक टोक अणकुचीदार आणि दुसरं आकड्यासारखं वाकवलेलं. खर्च किरकोळ येतो आणि ते जन्मभर पुरतात. ठोकायला हातोडी न्या. दगडानं ठोकताना बोट चेचलं जातं, आणि ते हमखास अंधारात.

ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर लहान हवी. ‘मोठी असली तर बरी’ असं वाटतं, पण बाहेर आलेल्या कडेवर दव आणि पाऊस साचतो आणि तो सरळ तंबूच्या बुडाखाली वाहतो.

थंडी खालून येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोन ब्लँकेटं वर घेऊनही जे कुडकुडतात, त्यांच्या खाली नुसती चादर असते. हवा भरलेल्या गादीनंही थंडी अडत नाही, कारण आतली हवा जमिनीइतकीच गार होते. खाली फोमची मॅट, तिच्यावर सतरंजी आणि पांघरायला घोंगडी. घोंगडी थोडी दमट झाली तरी ऊब देते, हे कापसाच्या गोधडीला जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खाली जातो, त्या हिशोबानं प्रत्येकाला कानटोपी, मोजे आणि फक्त झोपताना घालायचे कोरडे कपडे हवेत.

चौघांच्या एका रात्रीसाठी: पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा एक जार आणि वर पाच लिटरचा कॅन. तांदूळ ४०० ग्रॅम, मूगडाळ २०० ग्रॅम, कांदे, बटाटे, तेल, मीठ-मसाल्याची पुडी. बाजरीच्या दहा-बारा भाकरी घरून, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा. पहिल्या रात्री काठावर भाकऱ्या थापायचा हट्ट नको. पीठ मळायला पाणी जातं, हात धुवायला पाणी जातं आणि वाऱ्यानं तवा तापत नाही. स्वयंपाकाला २३० ग्रॅमचे गॅसचे दोन डबे. पूर्ण आचेवर एक डबा साधारण दीड तास चालतो. थंडीत त्याचा दाब कमी पडतो आणि आच मंदावते, म्हणून पहाटेच्या चहासाठी ठेवलेला डबा रात्री कपड्यांच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

याशिवाय हातात धरायच्या दोन बॅटऱ्या आणि कपाळावर बांधायची एक, खुरपं, दहा मीटर नायलॉनची दोरी, पाच-सहा फुटी काठी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, रोख पैसे. मोबाइलला तिथं रेंज येते-जाते, त्यामुळे पैसे फोनवरून जातीलच असं नाही. पावलांचे ठसे घ्यायचे असतील तर रंगाच्या दुकानातून एक किलो प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या.

तपासा: निघायच्या आधी तंबू एकदा गच्चीवर किंवा अंगणात पूर्ण उभा करा. काड्या मोजा, चेन ओढून बघा. फाटलेली जाळी आणि हरवलेली काडी घरी सापडली तर दुरुस्त होते.

टप्पा ४: घड्याळाचा हिशोब

मागून पुढं मोजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण शिवसागराच्या पश्चिमेला उंच डोंगर आहे, त्यामुळे काठावर ऊन त्याच्या अर्धा तास आधीच जातं. तंबू, पाणी आणि चूल यांना दोन तास लागतात. म्हणजे साडेतीनला तुम्ही जागेवर असायला हवं. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली साधारण ३५ किलोमीटर. अंतर कमी असलं तरी रस्ता घाटाचा आहे, दीड तास धरा. सांगलीहून पेठनाका-कराडमार्गे साताऱ्यापर्यंतच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात, तेव्हा सांगलीकरांनी सकाळी आठनंतर निघू नये. पेट्रोलची टाकी साताऱ्यात भरा. फुलांच्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, कासच्या रस्त्यावर गर्दीनं वेळेचा हिशोब कोलमडतो.

बोटिंग करायचं असेल तर ते पोचल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी सकाळी. पोचल्या दिवशी होडीत बसलात की अंधार झालाच म्हणून समजा.

टप्पा ५: जागेची निवड

गाडी थांबली की सामान उतरवू नका. आधी वीस मिनिटं चालून जागा बघा.

पाण्यापासून किमान ८० पावलं मागं आणि उंचीनं निदान दोन पुरुष, म्हणजे माणसाच्या उंचीच्या दुप्पट, वर. याला कारणं आहेत. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि काठावर साचते. त्यामुळे पाण्यालगत थंडी आणि दव दोन्ही जास्त. थोडं वर गेलं की फरक अंगाला जाणवतो. शिवाय जनावरं पाण्यावर येतात ती अंधार पडताना आणि पहाटे, त्यांची वाट मोकळी राहिली पाहिजे. गवे, रानडुकरं ठरलेल्या पायवाटेनंच उतरतात. गवतात दबलेली, शेण किंवा खुरांचे ठसे असलेली वाट दिसली तर तिच्यापासून पन्नास पावलं बाजूला व्हा.

पूर्वेकडे बघा. तुम्ही पूर्वेच्या काठावर आहात, म्हणजे डोंगर पाठीशी आहे आणि सकाळचं ऊन उशिरा येणार. डोंगर जिथं थोडा खचलेला किंवा मागं सरकलेला दिसतो, तिथं ऊन आधी पोचतं. अशा जागी तंबू नऊपर्यंत वाळतो. नाहीतर साडेदहा वाजले तरी ओला.

वर बघा. वाळलेली फांदी नको. आग्या मोहोळ तर नकोच. झाडावर किंवा जवळच्या कड्यावर मोहोळाचा काळा, लटकता पडदा दिसला तर ती जागा सोडा आणि दूर जा. या माश्या धुरानं आणि उग्र अत्तरानं उठतात, आणि उठल्या की लांबवर पाठलाग करतात.

खाली बघा. वारूळ, उंदराची बिळं, दगडांचे ढीग, जुन्या बांधाच्या कपारी टाळा, कारण साप तिथंच असतात. खोलगट, घमेल्यासारखी जागा नको. पावसाचं पाणी तिथं साचतं. जागा आवडली की उताणं झोपून बघा. पाठीला टोचणारा प्रत्येक दगड आत्ता काढला जातो, रात्री नाही. पायांच्या बाजूला किंचित उतार असला तर चालेल, आडवा उतार नको.

तपासा: जागेवरून गाडी दिसते का? गावातल्या त्या एका घरापर्यंतची वाट उजेडात एकदा चालून आलात का?

टप्पा ६: तंबू

आधी जमीन झाडा, मग ताडपत्री, मग आतला तंबू पसरून दाराची दिशा ठरवा. दिवसा वारा पाण्याकडून येतो आणि रात्री डोंगरावरून पाण्याकडे वाहतो. दार या वाऱ्यांना आडवं ठेवा, म्हणजे किनाऱ्याला समांतर बघणारं. पाण्याकडे तोंड करून दार ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. दृश्य छान मिळतं, पण संध्याकाळचा वारा थेट तंबूत भरतो.

काड्या घालण्याआधी चारही कोपरे ठोका, कारण वाऱ्यात उभा केलेला न ठोकलेला तंबू पतंगासारखा उडतो. खुंटा सरळ ठोकू नका. त्याचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, जमिनीशी साधारण ४५ ते ६० अंशांत, म्हणजे दोरीचा ताण खुंट्याला वर उपटत नाही. मुरमात खुंटा अर्ध्यावर अडला तर हातभर सरकून नवीन जागी ठोका. वाकडा-तिकडा मारत बसू नका.

मग काड्या, मग बाहेरचा थर. दोन थरांमध्ये चार बोटांचं अंतर सगळीकडून राहिलं पाहिजे. ते चिकटले की दव आत पाझरतं. बाहेरच्या थराचे दोर ताणून बांधा आणि दोरांवर पांढरी फडकी लावा. रात्री दोराला अडखळून पडणं हा काठावरचा सगळ्यात नेहमीचा अपघात. वरची हवेची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करू नका, वाफ तिथूनच जाते.

तंबूची चेन उभारल्या क्षणापासून बंद. दर वेळी, प्रत्येकानं.

टप्पा ७: पाणी आणि चूल

प्यायला आणि स्वयंपाकाला घरून आणलेलं पाणी. कमी पडलं तर गावातून घ्या. तलावाचंच घ्यायची वेळ आली तर होडीच्या धक्क्यापासून आणि जनावरं उतरतात त्या जागेपासून दूर, स्वच्छ जागी भरा. सुती कापड चौपदरी करून गाळा आणि खळाखळा उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. नुसती वाफ आली म्हणजे उकळलं नव्हे. भांडी आणि अंग तलावात धुवायचं नाही. पाणी बादलीनं वर आणा, काठापासून ८० पावलांवर धुवा. साबणाचं पाणी मातीत मुरू दे. हेच पाणी खालची गावं वापरतात.

पाण्यात पोहू नका. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याखाली जुन्या गावांचे बांध, झाडांचे खुंट आणि एकाएकी तुटलेले उतार आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्याइतक्या पाण्यात पडू शकतं, आणि तळाच्या गाळात पाय रुतला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सुटता येत नाही. होडीत लाईफ जॅकेट अंगावर, बकल लावून. मांडीवर धरलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही.

स्वयंपाक तंबूपासून किमान पंधरा फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. नोव्हेंबरपासून गवत वाळून काडीसारखं पेटतं, त्यामुळे जमिनीवर शेकोटी नको. मालकानं परवानगी दिली असेल तर लोखंडी शेगडी दगडांवर उचलून ठेवा. आजूबाजूचं गवत तीन फुटांपर्यंत खुरप्यानं साफ करा आणि शेजारी भरलेली बादली ठेवा. आजूबाजूचं लाकूड तोडायचं नाही.

सावधान: शेगडी, कोळसे, गॅस किंवा मेणबत्ती तंबूच्या आत कधीही नेऊ नका. ‘थोडी ऊब’ म्हणून आत ठेवलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. पाऊस आला, थंडी वाढली, काहीही झालं तरी याला अपवाद नाही.

टप्पा ८: रात्र

जेवण झालं की उष्टं, खरकटं आणि उरलेलं अन्न डब्यात बंद करून गाडीच्या डिकीत. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. वासानं उंदीर येतात, उंदरामागं साप, आणि कुत्री तर येतातच. निखारे पाण्यानं विझवा, ढवळा, पुन्हा पाणी घाला. हाताची मागची बाजू वर धरून ऊब लागली नाही, तरच झोपा.

बूट तंबूच्या आत, पिशवीत घालून. सकाळी घालण्याआधी झटका. रात्री बाहेर पडताना आधी बॅटरी, मग चेन, मग पाय. मण्यार रात्री हिंडते, आणि तिच्या चाव्याला सूज किंवा वेदना फारशी नसते, त्यामुळे ‘काहीतरी चावलं असेल’ म्हणून लोक परत झोपतात. तसं करू नका. साप चावल्याची नुसती शंका आली तरी माणसाला हलू न देता चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर करा, अंगठी आणि घड्याळ काढा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी दवाखान्याकडे निघा. करकचून दोरी बांधणं, कापणं, चोखणं, गावठी औषध, यातलं काहीही नको. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. फोन लागत नसेल तर टप्पा १ मधलं ते घर आठवा.

शौचाला गावातलं शौचालय. नाहीच, तर पाण्यापासून ८० पावलांच्या पलीकडे, खुरप्यानं वीतभर खोल खड्डा, नंतर मातीनं पूर्ण बुजवा. कागद आणि पॅड पिशवीत घालून परत न्यायचे.

मोठ्यानं गाणी नकोत. पलीकडच्या काठाला जंगल आहे आणि पाण्यावरून आवाज लांब जातो.

टप्पा ९: सकाळ आणि चिखलातली पावलं

मुलं सोबत असली तर हा भाग सोडू नका. पाणी उतरलेलं असेल तर काठावरच्या गाळात रात्रभरात कोण कोण येऊन गेलं, ते सगळं उमटलेलं असतं.

मुलं हमखास विचारतात की इथं डायनोसॉरचे ठसे मिळतील का. उत्तर सरळ द्या: नाही. सातारा परिसरातला काळा कातळ लाव्हाचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तप्त लाव्हात पाऊल उमटून टिकत नाही. पाऊल टिकायला पाण्याकाठचा मऊ गाळ लागतो. तो थोडा वाळायला हवा, मग त्यावर दुसरा गाळ बसायला हवा आणि सगळं मिळून दगड व्हायला हवं. कातळातले गोल खळगे, वायूच्या बुडबुड्यांची भोकं आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले धोंडे बघून ‘पाऊल सापडलं’ म्हणणारे बरेच असतात. खऱ्या ठशाची खूण अशी: एकटा नसतो, डावं-उजवं आलटून पालटून सारख्या अंतरावर जातं, आणि कडेला दाबून वर आलेल्या गाळाची कड असते.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात क्लेटन लेक नावाचं असंच एका धरणाच्या तलावाकाठचं उद्यान आहे. तिथं धरणाच्या सांडव्याच्या खडकात पाचशेहून जास्त डायनोसॉर-ठसे आहेत, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे. तिथं जाणाऱ्यांना सांगतात की सकाळी लवकर किंवा संध्याकाळी या. कारण तेच जे आपल्या गाळालाही लागू आहे: तिरप्या उन्हात ठशाच्या कडांची सावली पडते आणि पाऊल उठून दिसतं, दुपारी बाराला तोच खडक सपाट वाटतो. म्हणून शिवसागराच्या काठी ऊन गाळावर येताच निघा. ढगाळ असेल तर बॅटरी जमिनीलगत आडवी धरा.

उतरण्याआधी काठीनं गाळ टोचा. काठी वीतभरापेक्षा खोल गेली तर तिथून पुढं जायचं नाही. मुलांचा हात सोडायचा नाही.

काय ओळखायचं? दोन फाकांचं मोठं खूर म्हशीचं किंवा गव्याचं. दोन्ही इतकी सारखी दिसतात की नुसत्या ठशावरून पैज लावू नये. दोन फाकांच्या मागं दोन छोटे ठिपके असतील तर रानडुक्कर. चार बोटं आणि नखांच्या टोकांचे ठसे असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. चार बोटं, नखं नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाया असतील तर मांजराच्या कुळातलं जनावर. तो ठसा मोठा असेल तर मुलांना घेऊन शांतपणे वर या. पुढं तीन लांब बोटं आणि मागं एक, तो बगळा. नुसती तीन आखूड बोटं, मागचं बोट उमटलेलंच नाही, ती टिटवी. हे तीन बोटांचं पाऊल मुलांना नीट दाखवा. कित्येक डायनोसॉर-ठशांचा आकार असाच तीन बोटांचा असतो.

ठसा उचलायचा असेल तर असा क्रम ठेवा:

१. ओल असलेला पण बोट दाबल्यावर पाणी न सुटणारा गाळ निवडा. सैल काडीकचरा फुंकून काढा, बोटानं नाही.

२. जाड पुठ्ठ्याची पाच सेंटिमीटर उंच पट्टी गोल करून ठशाभोवती गाळात किंचित रोवा.

३. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर हळूहळू भुरभुरा. पाणी प्लास्टरवर ओतलं तर गुठळ्या होतात. धिरड्याच्या पिठाइतकं सैल झालं की थांबा. तीन-चार मिनिटांत ते दाटू लागतं, म्हणून एका वेळी एकाच ठशापुरतं कालवा.

४. थेट ठशावर ओतू नका, बारीक कडा मोडतात. कडेला चमचा धरून त्यावरून सोडा, दोन सेंटिमीटर जाडीपर्यंत.

५. तासभर हात लावू नका. थंडीत थोडं जास्तच. मग भोवतालच्या गाळासकट खुरप्यानं खालून उचला.

६. गाळ लगेच धुऊ नका. घरी नेऊन दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशनं झाडा.

तळहाताएवढे तीन-चार ठसे एका किलोत होतात. उरलेलं प्लास्टर पाण्यात ओतायचं नाही, पिशवीत घट्ट होऊ देऊन परत न्या. आणि हे फक्त कालच्या गाळातल्या ठशांसाठी. जैसलमेरजवळच्या थईयातसारख्या ठिकाणी किंवा परदेशात खऱ्या जीवाश्म-ठशासमोर उभे राहिलात तर त्यावर प्लास्टर, रंग, खडू, पाय, काहीही नको. फक्त तिरप्या उन्हात फोटो, शेजारी मापासाठी पट्टी ठेवून.

टप्पा १०: आवराआवर

तंबू सगळ्यात शेवटी. आधी अंथरूण उन्हात टाका, मग स्वयंपाकाचं सामान, मग कचरा. तंबू उलटा करून त्याचा तळ वाळू द्या, तळाखालची ओल सगळ्यात उशिरा जाते. खुंटे उपटताना मोजा: बारा आणले, बारा परत. गवतात राहिलेला सळईचा खुंटा जनावराच्या पायात घुसतो.

मग सगळ्यांनी एका रांगेत, हातभर अंतरानं, पूर्ण जागा एकदा चालून काढा. गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, रबरबँड, टिश्यू असं बारीकसारीक त्या चालण्यातच सापडतं. कचऱ्याची गोणी गावात ठेवून येऊ नका, साताऱ्यापर्यंत आणा. शेगडीची राख पूर्ण गार करून गोणीतच घाला. सरकवलेले दगड जागेवर ठेवा.

घरी पोचलात की त्याच संध्याकाळी तंबू आणि ताडपत्री पुन्हा दोरीवर टाका, कितीही वाळल्यासारखी वाटली तरी. ओलसर तंबू पिशवीत राहिला तर दोन-तीन दिवसांत शिवणींवर काळी बुरशी धरते आणि मग पाणी आधी त्याच शिवणींतून आत येतं.